शीर्षकावरून शिव्या, सहीवरून माफी

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचो तेव्हा राज्यशास्त्राच्या झेरॉक्स नोट्स मिळायच्या, स्पायरल बाइंडिंगवाल्या, त्यात एक पान होतं "विचारवंत व सिद्धांत" म्हणून. नाव, साल, सिद्धांत असे तीन रकाने. फुकुयामा, 1989, इतिहासाचा अंत. जोसेफ नाय, 1990, सॉफ्ट पॉवर. हंटिंग्टन, 1993, संस्कृतींचा संघर्ष. संपलं. पाठ करायचं, पेपरात ओतायचं, आणि खाली "टीका" म्हणून दोन ओळी टाकायच्या की इतिहास काही संपला नाही, 11 सप्टेंबर झालं, चीन वर आला, म्हणजे फुकुयामा चुकला. या दोन ओळींना मार्क मिळायचेच.

परीक्षा काही निघाली नाही ते जाऊ दे, पण तो माणूस डोक्यात राहिला आणि मग मी त्याचं मिळेल ते वाचत गेलो, आणि जितकं वाचलं तितकं असं वाटायला लागलं की आपण याला भलत्याच गुन्ह्याची शिक्षा देतोय. जे तो बोललाच नाही त्यावरून गेली पस्तीसेक वर्षं सगळं जग त्याला हसतंय, आणि जिथे त्याने खरोखर स्वतःचं नाव घालून सही केली, ज्याचे परिणाम लाखो लोकांनी भोगले, त्याबद्दल त्या झेरॉक्सच्या पानावर रकानाच नाहीये.

आधी माणूस. फ्रान्सिस फुकुयामा, जन्म 1952, शिकागो. आजोबा 1905 साली रशिया-जपान युद्धात भरती टाळायला जपानमधून निघाले ते अमेरिकेला पोचले, लॉस एंजेलिसला दुकान टाकलं, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकलं तेव्हा दुकान गेलं आणि आजोबाही छावणीत गेले. म्हणजे ज्या उदारमतवादी लोकशाहीला नातवाने माणसाचा शेवटचा मुक्काम म्हटलं तिनेच आजोबांना काटेरी तारेआड ठेवलं होतं. मला हे कायम खटकतं की त्याच्या विचारात ही गोष्ट मध्यभागी कधीच येत नाही, पण घरातल्या जखमेवर ज्याने त्याने कधी बोलायचं हे आपण कोण ठरवणार.

कॉर्नेलला तो ग्रीक-लॅटिन शिकला, आणि अ‍ॅलन ब्लूम या प्राध्यापकाच्या हाताखाली राजकीय तत्त्वज्ञान. मग येलला तौलनिक साहित्य, तिथून पॅरिसला देरिदा आणि बार्थ या फ्रेंच विचारवंतांच्या वर्गात, आणि तिथे काही महिन्यांत त्याचं डोकं उठलं, हे सगळं शब्दांचे बुडबुडे आहेत म्हणून गडी परत आला आणि हार्वर्डला राज्यशास्त्रात घुसला. (1993 मध्ये देरिदाने मार्क्सवर जे पुस्तक लिहिलं त्यात फुकुयामाला चांगलाच सोलून काढला, म्हणजे वर्ग सोडला तरी मास्तरांनी गाठलंच.) हार्वर्डला प्रबंध कशावर, तर सोव्हिएत युनियन मध्यपूर्वेत हस्तक्षेपाच्या धमक्या कशा देतं यावर. मग रँड कॉर्पोरेशन ही संरक्षण धोरणावर अभ्यास करणारी संस्था, मग अमेरिकी परराष्ट्र खात्याचा धोरण विभाग. तिथे त्याला काम देणारा साहेब होता पॉल वुल्फोविट्झ. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1989 च्या उन्हाळ्यात एका छोट्या त्रैमासिकात त्याचा लेख आला, तेव्हा वय 36. शीर्षकात प्रश्नचिन्ह होतं, हे सगळ्यात आधी. तीन वर्षांनी पुस्तक आलं तेव्हा ते प्रश्नचिन्ह गळलं, आणि जगाने तर ते कधी पाहिलंच नव्हतं. लेख आला आणि नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. असं टायमिंग जुळलं की माणूस एका रात्रीत ज्योतिषी होतो.

आता मराठीत आपली अजून एक पंचाईत होते. इंग्रजीत तो नंतर समजावून सांगायचा की बाबांनो मी मोठ्या एचवाल्या हिस्टरीबद्दल बोलतोय, हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाच्या अर्थाने, म्हणजे माणसाने एकत्र राहायची व्यवस्था शोधत शोधत केलेला प्रवास. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नसतात. त्यात आपला "अंत" हा शब्द थेट अंत्ययात्रेची आठवण करून देतो, त्यामुळे "इतिहासाचा अंत" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं आता घटना बंद, उद्यापासून पेपर येणार नाही. त्याला म्हणायचं होतं ते "शेवटचं स्टेशन" याच्या जास्त जवळ जातं. गाडी पोचायला शंभर वर्षं लागतील, मधे रुळावरून घसरेल, काही डबे उलटे जातील, पण याच्या पुढचं स्टेशन कुणाकडे आहे का सांगा, एवढाच त्याचा सवाल. फॅसिझम 1945 ला गेला, कम्युनिझम चाललाय, तिसरं काय? आणि प्रामाणिकपणे सांगा, चीनचं मॉडेल कितीही चाललं तरी आपल्या देशासाठी तेच पाहिजे म्हणून कुठल्या देशातली पोरं रस्त्यावर उतरली आहेत? मला तरी आठवत नाही.

गंमत म्हणजे त्याच लेखात स्पष्ट लिहिलंय की दहशतवाद चालूच राहणार, राष्ट्रवादी आणि वांशिक हिंसा चालूच राहणार, आणि चक्क यादी दिलीय, पॅलेस्टिनी, कुर्द, शीख, तमिळ वगैरे, की यांची दुखणी अजून मिटलेली नाहीत. म्हणजे "फुकुयामा म्हणाला आता युद्ध होणार नाही" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा नोट्समध्ये टाकलं त्याने लेखाचं फक्त कव्हर बघितलेलं. आणि शेवट तर अजिबात ढोल वाजवणारा नाहीये, उलट उदास आहे. तो म्हणतो की हा काळ खूप दुःखाचा असेल, धाडस, कल्पना, जीव देण्याची तयारी यांच्या जागी हिशोब आणि ग्राहकांच्या मागण्या येतील, आणि कदाचित शतकानुशतकांच्या या कंटाळ्यानेच इतिहास परत सुरू होईल. 1989 च्या जल्लोषात हे लिहिणारा माणूस मूर्ख नव्हता एवढं तरी मान्य करा.

पुस्तकात तर त्याने अजून खोलात जाऊन प्लेटोचा एक शब्द उचलला, थायमॉस. माणसाला नुसती भाकरी पुरत नाही, त्याला "तू माणूस आहेस" हे दुसऱ्याने मान्य केलेलं लागतं. हे समजावायला अमेरिकन प्राध्यापकाला दहा-वीस पानं लागत असतील, आपल्याला नाही लागत, आपल्याला महाड माहितीये. 1927 साली चवदार तळ्यावर लोक गेले ते काय तहान लागली म्हणून? बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं की नुसतं पाणी प्यायला आपण जात नाही, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातोय. पण फुकुयामा पुढे असंही म्हणतो की याच भुकेचं दुसरं टोक म्हणजे "मी सगळ्यांपेक्षा मोठा आहे हे माना", आणि बाजारपेठेने अशा माणसांना पैसा कमवायच्या नादी लावलं की ते निदान राजकारणात येऊन घोळ घालत नाहीत. आणि या अशा मोठेपणाच्या भुकेच्या माणसांत 1992 साली त्याने कोणाचं नाव घेतलं होतं? बिल्डर डोनाल्ड ट्रम्प. माणूस बरोबर पकडला, पण तो बिल्डिंगी बांधण्यातच रमेल हा अंदाज साफ गंडला. या चुकीवर मला हसायला येत नाही, कारण ही चूक शिकवते.

आता त्या दुसऱ्या रकान्याकडे येऊ, जो नोट्समध्ये नाहीये.

26 जानेवारी 1998. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना एक खुलं पत्र गेलं, 18 सह्यांचं. मागणी अशी की सद्दाम हुसेनला सत्तेवरून हटवणं हेच अमेरिकेचं धोरण व्हायला पाहिजे, नुसतं रोखून धरणं पुरेसं नाही. सह्या करणाऱ्यांत रम्सफेल्ड, वुल्फोविट्झ, बोल्टन, म्हणजे पुढे बुश सरकारात बसलेली मंडळी. आणि फ्रान्सिस फुकुयामा. मग 20 सप्टेंबर 2001, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला नऊ दिवस झालेले, बुश यांना दुसरं पत्र, की या हल्ल्याशी इराकचा थेट संबंध सापडला नाही तरी सद्दामला हटवायचा निर्धाराने प्रयत्न झालाच पाहिजे. परत वाचा. संबंध सापडला नाही तरी. यावरही त्याची सही आहे.

लेख लिहिणं आणि पत्रावर सही करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. लेखात तुम्ही "कदाचित" लिहू शकता, प्रश्नचिन्ह टाकू शकता, शेवटी उदास होऊ शकता. पत्रात कदाचित नसतं. पत्र कुणाला तरी काहीतरी करायला सांगतं, आणि तिथे तुमचं नाव कशासाठी लागतं तर तुम्ही विद्वान आहात म्हणून, त्या नावाच्या वजनासाठी. 1989 च्या लेखाने मिळवलेलं वजन 1998 मध्ये तिथे खर्च झालं. लेखाने कोणी मेलं नाही. इराकमध्ये नुसत्या नोंद झालेल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा लाखाच्या बराच पुढे आहे.

आता कोणी म्हणेल अरे त्याने नंतर पाठ फिरवली ना. हो फिरवली, आणि ते सोपं नव्हतं हे मी नाकारत नाही. 2003 चं युद्ध सुरू व्हायच्या आधीच आपलं मत बदललं होतं असं तो सांगतो. 2004 च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला चार्ल्स क्राउथॅमर या स्तंभलेखकाचं भाषण झालं, फुकुयामाच्या सांगण्यानुसार सूर असा की इराक जवळजवळ फत्ते, आणि हॉलभर टाळ्या, आणि हा माणूस बसून बघतोय की शस्त्रं सापडली नाहीत, तिथे रोज स्फोट होताहेत आणि इथे टाळ्या कसल्या वाजवताय. मग त्याने त्याच त्रैमासिकात, जिथे 1989 चा लेख आला होता तिथेच, क्राउथॅमरचे मुद्दे एकेक करून खोडून काढले. 2006 मध्ये पुस्तक लिहून निओकॉन गोटाला, म्हणजे लष्करी बळ वापरून लोकशाही पसरवू पाहणाऱ्या आपल्याच मंडळींना, राम राम ठोकला. वुल्फोविट्झ, ज्याच्या हाताखाली दोनदा काम केलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली नोकरीही ज्याच्यामुळे मिळाली, त्याच्या धोरणावर जाहीर लिहिलं. क्राउथॅमरने उलट लिहिलं की माझ्या भाषणाबद्दल हा धादांत खोटं सांगतोय. वीस-पंचवीस वर्षांची दोस्ती असलेली माणसं गेली. आपल्याकडे एखाद्या संपादकाने किंवा प्राध्यापकाने आपल्याच कंपूविरुद्ध इतकं सविस्तर लिहिलंय असं उदाहरण शोधायला बसलं तर हाताची बोटं पुरून उरतील.

पण. पाठ फिरवणं म्हणजे हिशोब देणं नाही. 2006 च्या लिखाणात "त्यांनी काय चुकवलं" हे ढीगभर आहे आणि "मी सही का केली" हे चिमूटभर, हे माझं मत. मला त्याचा राजकीय सिद्धांत नकोय तिथे, मला त्या दिवसाचं सांग ना भाऊ. पत्र कोणी आणलं, वाचलंस का पूर्ण, शंका आली होती का, आली तर बोलला का नाहीस? सही करताना माणसाच्या डोक्यात काय चालतं हे आतल्या माणसाशिवाय कोण सांगणार? एवढा मोठा अभ्यासक, संस्था कशा सडतात यावर शेकडो पानं लिहिणारा, त्याने स्वतःच्या सहीचा असा तपास केला असता तर ते त्याचं सगळ्यात उपयोगी प्रकरण झालं असतं.

तरी एक गोष्ट आहे जिच्यामुळे मी त्याला पूर्ण टाकून देत नाही. इराकने त्याचा अभ्यासाचा विषय बदलला, निदान त्याला धार लावली. मे 2003 मध्ये बगदादला बसून इराकचा कारभार बघणाऱ्या पॉल ब्रेमर या अमेरिकी अधिकाऱ्याने दोन आदेश काढले, पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं. म्हणजे एका आठवड्यात शाळा, खाती, पाणीपुरवठा चालवणारी माणसं घरी आणि बंदूक चालवता येणारी लाखो माणसं बेकार. हुकूमशहा हटवला की खालून लोकशाही आपोआप उगवते या समजुतीचं दिवाळं. 2004 पासून फुकुयामाचं म्हणणं हे की राज्यसंस्थेचा पसारा वेगळा आणि ताकद वेगळी. सरकार किती धंद्यांत हात घालतं हा पसारा, आणि जे हातात घेतलंय ते नीट करतं का ही ताकद. ऐंशी-नव्वदच्या दशकात सगळ्या गरीब देशांना पसारा कमी करा असं सांगताना ताकदही कापली गेली. ज्याने ग्रामपंचायतीत एका दाखल्यासाठी चार चकरा मारल्यात त्याला हे सिद्धांत म्हणून सांगायची गरज नाही, पण 1989 च्या फुकुयामाला होती. निवडणूक कशी येते यावर तेव्हा त्याचं सगळं लक्ष, तलाठी कुठून येतो यावर नाही.

मग राज्यसंस्था कशी घडते आणि कशी सडते यावरचे 2011 आणि 2014 चे दोन जाडजूड खंड, पहिला हंटिंग्टनच्या स्मृतीला अर्पण केलेला, जो त्याचा गुरूही आणि आपल्या नोट्समध्ये त्याच्या खालचा रकानाही. माझ्या मते त्याचं खरं काम हे, आणि आपल्याकडे हे वाचणारे कमी. त्यात भारतावर प्रकरणं आहेत. मुद्दा असा की चीनमध्ये राज्य आधी बळकट झालं आणि समाज त्याच्या टाचेखाली आला, भारतात उलटं, वर्ण-जात-धर्म यांनी समाज आधीच इतका बांधून टाकला की कुठल्याही राजाला चिनी सम्राटासारखी पकड बसवता आली नाही. उदाहरण देतो ते असं, चीनने थ्री गॉर्जेस धरणासाठी दहा लाखांच्या वर माणसं हलवली, आणि भारतात टाटांना पश्चिम बंगालमधून कारखाना गुंडाळावा लागला.

वाचायला झकास. पण नंदुरबारला जाऊन बघा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, आदिवासी गावं, वर्षानुवर्षं सत्याग्रह करूनही. तिथे हे "कमकुवत राज्य" कुठे गेलं होतं? आपलं राज्य कमकुवत आहे हे खरं, पण कोणासमोर कमकुवत हा प्रश्न त्याने पुरेसा विचारलेला नाही. साखर कारखान्याच्या थकबाकीसमोर कमकुवत, फूटपाथवरच्या टपरीसमोर पैलवान. चीन-भारत तुलनेत देश हे एकच एकक धरलं की हे दिसतच नाही.

तरी मी म्हणेन की हा फुकुयामा वादाला लायक आहे, 1989 च्या त्या शीर्षकावर अडकलेला नाही. लोकशाही मागेही जाऊ शकते हे सांगणारा काही सिद्धांत तेव्हा माझ्याकडे नव्हता, असं त्याने नंतर उघड कबूल केलंय. अमेरिकेवर लिहिताना त्याने व्हीटोक्रसी शब्द काढला, म्हणजे प्रत्येकाच्या हातात खोडा घालायची सोय आणि कोणाच्याच हातात काम करायची नाही. आणि सवय मात्र जात नाही बघा. मार्च 2022, युक्रेन युद्धाला दोन आठवडे, हा उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येला काही कोर्स शिकवायला गेलेला, आणि तिथून लिहितो की रशिया सरळ पराभवाकडे चाललाय, त्यांचं सैन्य रखडत रखडत नाही तर एकदम कोसळू शकतं. किव्हमधून रशियन खरंच मागे हटले काही आठवड्यांत. पण पुढे नेमकं तेच रखडतं युद्ध सुरू झालं जे होणार नाही असं त्याला वाटत होतं.

या बाबतीत तो एकटा नाही. फिलिप टेटलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वीसेक वर्षं 284 तज्ज्ञांचे मिळून 82 हजारांच्या वर राजकीय अंदाज गोळा केले आणि ताडून पाहिले, तर तज्ज्ञ काही फार पुढे निघाले नाहीत, आणि टीव्हीवर ज्याला जास्त बोलावतात त्याचे अंदाज उलट जास्त खराब. कारण साधं आहे, "असंही होईल, तसंही होईल" म्हणणाऱ्याला अँकर दुसऱ्यांदा फोन करत नाही. म्हणजे चुकीचा अंदाज ही या धंद्यातली रोजची गोष्ट, त्यावरून कोणाला फासावर द्यायचं तर पॅनलच्या पॅनल रिकामी होतील.

म्हणून मी म्हणतो अंदाजाला माफी द्या, सहीला देऊ नका. एक मित्र माझ्याशी यावर वाद घालतो, म्हणतो तुझा फुकुयामा नसता तरी बुशने युद्ध केलंच असतं, 18 सह्यांपैकी एक कमी, काय फरक पडला असता? मी म्हणतो हाच तर्क लावला तर निवेदनावर सही करणारा कोणीच कधी कशाला जबाबदार नाही, मग सही घेतात कशाला, नाव छापतात कशाला? आपल्याकडेही दर दोन महिन्यांनी मान्यवरांची पत्रकं निघतात, या बाजूची, त्या बाजूची, पन्नास नावं, खाली "आणि इतर". पाच वर्षांनी ते पत्रक परत समोर ठेवून त्यातल्या एकाला तरी कोणी विचारलंय का की सर, मॅडम, याचं काय झालं? तो म्हणाला असं विचारत बसलास तर उद्यापासून सह्याच मिळणार नाहीत कोणाच्या.

मी म्हटलं मग बरंच आहे की. यावर तो चिडला, चहाचे पैसे मलाच द्यावे लागले, वाद तसाच राहिलाय.